गोष्टीतले प्रयोग: कावळ्याने मला वर्गात तोंडघशी पाडलं

खडूधूळ · ३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नागपुरातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. २८ तारखेला विज्ञान दिन. दरवर्षी आमच्याकडे तेच ते: खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, लिंबात खिळे खोचून लावलेला दिवा (तो कधीच लागत नाही). यंदा म्हटलं, पोरांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी घेऊ आणि त्यातलाच प्रयोग करू. सुरुवात अर्थातच तहानलेल्या कावळ्याने. याहून सोपं काय असणार?

तर आज झालं असं. लोणच्याची उंच काचेची बरणी घेतली, पाव बरणी पाणी, नीट दिसावं म्हणून त्यात थेंबभर निळी शाई. शाळेबाहेर सिमेंट रोडचं काम चालू आहे, तिथली गिट्टी पोरांनी खिसे भरभरून आणली. नेमके त्याच तासाला तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. एकेक पोरगं येतंय, खडा टाकतंय, वर्ग एका सुरात मोजतोय. पाणी चढलं, आणखी चढलं, निम्म्याच्या थोडं वर आलं आणि थांबलं. गिट्टी मात्र चढतच राहिली. शेवटी बरणी काठोकाठ गिट्टीने भरली आणि पाणी खाली कुठेतरी दगडांच्या सांदीत. एक पोरगी बरणीत डोकावून म्हणाली, "मॅडम, पाणी तर गिट्टीच पिऊन बसली!" वर्ग हसला, साहेब हसले, मीही हसले. फेब्रुवारीत घाम फुटला.

साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. मला एवढंच सांगा, माझं चुकलं कुठे? आणि अजून कोणत्या गोष्टी घेता येतील?


सावजी_रस्सा · ३ फेब्रुवारी, रात्री १०:०२

ताई, तो कावळा नागपूरचा नसेल. इथला कावळा सरळ कूलरच्या टाकीवर जाऊन बसते.


दोन_गुणिले_दोन · ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

ताई, तुमचं काही चुकलं नाही. गोष्टीत "थोडंसं पाणी" म्हणतात, ते किती हे कोणी सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

दगडावर दगड पडला की मधे फटी राहतात. साधारण एकसारखी गिट्टी असेल तर भांड्यातली ४० टक्क्यांच्या आसपास जागा नुसत्या फटींची असते. पाणी आधी त्या फटी भरणार. हिशेब केला तर सरळ उभ्या भांड्यात पाणी मूळ उंचीच्या फार तर अडीच पट चढतं, त्याच्या वरची गिट्टी कोरडी. तुमची बरणी २० सेंमी धरली, पाणी ५ सेंमी, तर साडेबाराला गाडी थांबणार. "निम्म्याच्या थोडं वर" म्हणालात ना, तेच ते. म्हणजे भांडं आधीच ४० टक्के भरलेलं असेल तरच पाणी काठाला येईल. चोच आत जाते तेवढी सूट कावळ्याला देऊ.

ही फट पोरांकडून मोजून घ्या. पेला काठोकाठ गिट्टीने भरायचा. मग खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं टोपण घेऊन पाणी ओतत जायचं, काठाला येईपर्यंत. किती टोपणं लागली ते लिहायचं. मग तोच पेला रिकामा करून नुसत्या पाण्याने भरायचा, पुन्हा टोपणं मोजायची. भागाकार पाचवीला येतोच.


खडूधूळ · ५ फेब्रुवारी, सायं. ६:१५

केलं! १० मिलीचं टोपण. रिकाम्या पेल्यात २४ टोपणं मावली. गिट्टीच्या पेल्यात एका गटाला १० लागली, दुसऱ्याला ११. यावरून भांडण. मग लक्षात आलं, ११वाल्यांनी मोठमोठे तुकडे वेचले होते आणि पेल्याच्या कडेने चांगली बोटभर भोकं राहिली होती.

खरी गंमत पुढे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात स्वतःहून कधी हात वर केला नसेल, त्याचे वडील बांधकामावर मिस्त्री आहेत. तो उठला. "मॅडम, गिट्टीच्या मधात रेती टाकू. स्लॅबच्या मालात तशीच टाकतेत." पुन्हा बरणी घेतली, पुन्हा पावच पाणी. चार मुठी गिट्टी, वरून रेती, बरणी टेबलावर ठोकायची, पुन्हा गिट्टी, पुन्हा रेती. पाणी बरणीच्या गळ्याशी आलं! चहाच्या रंगाचं, पण आलं.

"कावळा हे पिईल का?" या प्रश्नावर मतदान घ्यावं लागलं. नाही जिंकलं. आणि तो मुलगा मधल्या सुट्टीत फळ्यावर स्लॅब काढून दाखवत होता.


फुटाळ्याचा_बगळा · ५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

वा! यात एक भर. हा प्रयोग खरोखरच्या पक्ष्यांवर झालेला आहे. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या दोघांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या चार पक्ष्यांसमोर उभी नळी ठेवली. आत पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, चोच पोचत नाही. शेजारी दगड. चौघांनीही दगड टाकून अळी वर आणली. मोठे दगड टाकले तर काम लवकर होतं हेही त्यांनी ओळखलं. नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असला तर दगड टाकून काही होत नाही, हेसुद्धा. पुढे २०१४ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या कावळ्यांपुढे बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या अशा दोन्ही वस्तू ठेवल्या, तर त्यांनी बुडणाऱ्या उचलल्या.

म्हणजे तुमच्या पोरांपुढे पुढचा तास तयार आहे: दगडाऐवजी थर्माकोलचे गोळे टाकले तर? आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मगच टाकू द्या. आधी टाकलं की सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं."


महालातली_आजी · ६ फेब्रुवारी, दुपारी २:१०

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझा नातू पावणेपाच वर्षांचा. परवा रात्री भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगत होते, तर मधेच म्हणतो, "आजी, भोपळा बंद केल्यावर म्हातारी गुदमरली नाही का?" आता मला भोपळ्याला भोकं पाडून गोष्ट सांगावी लागते. टुणूक टुणूक राहिलं बाजूला. तुम्ही सगळ्या गोष्टींना असं टोपणाने मोजायला लागलात तर पोरांनी ऐकायचं काय? कावळ्याला पाणी मिळालं, पोर झोपलं, संपलं.


खडूधूळ · ६ फेब्रुवारी, रात्री ९:००

काकू, राग कसला. पण भोकांचा प्रश्न तुमच्या नातवाने आपणहून विचारला, आम्ही कोणी शिकवला नाही! आमच्याकडेही तसंच झालं. बरणी फसल्यावर पोरं कंटाळतील असं वाटलं होतं, तर दुसऱ्या दिवशी तिघं-चौघं घरून गोष्टी शोधून घेऊन आली, "मॅडम, ही पण खोटी निघते का बघू." गोष्टी मागे लागून वाचायला सांगितल्या असत्या तर वाचल्या नसत्या.


महालातली_आजी · ६ फेब्रुवारी, रात्री ९:२५

पाचवीचं ठीक आहे हो. पावणेपाचचं म्हणते मी.


दोन_गुणिले_दोन · ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आजी, तुमचा मुद्दा मान्य. तरी भोपळा निघालाच आहे म्हणून मोठ्या पोरांसाठी एक खेळ सांगतो. झाकणाचे एकसारखे तीन गोल डबे. एक रिकामा, एक पाण्याने गच्च भरलेला, एक ओली रेती ठासून भरलेला. फळी तिरकी लावून तिन्ही एकदम सोडायचे. जवळजवळ प्रत्येक वर्ग म्हणतो रेतीचा पहिला येणार, कारण तो सगळ्यात जड. पहिला येतो पाण्याचा. डबा फिरतो, पण आतलं पाणी त्याच्याबरोबर फारसं गरगरत नाही, नुसतं खाली सरकतं, त्यामुळे फिरवण्यात जोर खर्च होत नाही. रेतीला सगळीच्या सगळी गरगरावं लागतं. रिकामा सगळ्यात मागे, कारण त्याचं होतं नव्हतं ते वजन कडेलाच.

मग वर्गाला विचारायचं, म्हातारी भोपळ्यात रेतीसारखी बसली होती की पाण्यासारखी?


सावजी_रस्सा · ६ फेब्रुवारी, रात्री १०:१४

लेकीकडे तूप-रोटी खाऊन निघाली होती. रेतीसारखीच.


इतवारी_एक्सप्रेस · ८ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

बिरबलाची खिचडी घ्या की. मी भंडाऱ्याकडच्या एका शाळेत सातवीला घेतली होती आणि त्यात बिरबलच पकडल्या गेला.

बघा. गरीब माणूस रात्रभर तळ्याच्या गार पाण्यात उभा, दूर महालात दिवा. बादशहा म्हणतो, तुला दिव्याची ऊब मिळाली. बिरबल उंचावर हंडी टांगून खाली जाळ करतो आणि म्हणतो, मग ही खिचडीही शिजेल. आता मेणबत्ती लावा. थर्मामीटर ज्योतीच्या बाजूला एक वीत धरा, पारा जेमतेम हलतो. तोच ज्योतीच्या वर एक वीत धरा, सरसर चढतो (लवकर बाजूला घ्या, माझं एक फुटलं आहे. पारा सांडला तर फार पंचाईत होते, पोरांच्या हातात बिनपाऱ्याचंच द्या). गरम हवा वर जाते, बाजूला जात नाही. दिवा तळ्यापासून आडवा होता, हंडी जाळाच्या वर होती. म्हणजे त्या माणसाला मिळाली त्याहून कितीतरी जास्त ऊब खिचडीला मिळत होती. एक पोट्टा म्हणाला, "सर, हंडी जाळाच्या बाजूनं दूर टांगाले पाहिजे होती, तवा केस बरोबर झाली असती." बादशहाच्या दरबारात एवढा एक वकील नव्हता.

आणि नागपूरच्या मे महिन्यात तर जाळाचीही गरज नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून चांदीचा कागद, बाहेरून काळा केलेला स्टीलचा डबा, वर काच. डाळ-तांदूळ भिजवून ठेवा. अकराला ठेवलेली खिचडी आमच्याकडे दोनच्या आसपास शिजली. मीठ विसरलो होतो.


वावरवाला · ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताई, गाढव अन् मिठाची गोष्ट घेणार असाल तर एक सांगतो. मीठ नदीत विरघळलं, वझं हलकं झालं, इथवर ठीक. पुढं मालकानं कापूस लादला, गाढव मुद्दाम पाण्यात बसलं, कापसानं पाणी पेलं अन् वझं दुप्पट झालं म्हणतेत. ते गोष्ट कापूस पिकवणाऱ्यानं रचलेली नाही. आमच्या पऱ्हाटीचा कापूस पाण्यात टाकून पाहा. बदकावानी तरंगते. दाबून बुडवला तरी वर येते.


फुटाळ्याचा_बगळा · ११ फेब्रुवारी, रात्री ९:५२

मग अवकाळीत वेचणीचा कापूस भिजतो तो कसा, भाऊ?


वावरवाला · ११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

रातभर पाऊस लागला, बोंडं आठ-आठ दिवस उन्हापाण्यात उघडी राहिली, चिखलात तुडवल्या गेली, तर भिजतेच ना. दोन मिनिटाच्या डुबकीनं नाही भिजत. बस एवढंच म्हणून राहिलो.


दोन_गुणिले_दोन · १२ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

वावरवाला भाऊ शंभर टक्के बरोबर. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो, म्हणून कच्चा कापूस पाण्याला जवळ येऊ देत नाही. दवाखान्यातला कापूस पाणी पितो, कारण कारखान्यात तो क्षारात उकळून मेण काढलेलं असतं आणि मग पांढरा केलेला असतो. त्याची परीक्षाच अशी असते, पाण्यावर सोडला की १० सेकंदांत बुडाला पाहिजे.

खडूधूळ ताई, ही गोष्ट सोडू नका. विदर्भातल्या शाळेने हा प्रयोग नाही करायचा तर कोणी करायचा? आपल्याच वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. कच्चा कापूस घेऊन धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा (हे तुम्ही करा, पोरांना लांब ठेवा), स्वच्छ धुवा, वाळवा, मग पुन्हा पाण्यावर सोडा.


भीमाकाठ · १४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

पुण्याकडून रामराम. नावेत हत्ती चढवून वजन करायची गोष्ट घ्या, आमच्या तुळापूरचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. सतराव्या शतकात आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाला भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करायची होती, एवढा तराजू आणायचा कुठून? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचवली म्हणतात. हत्ती नावेत, पाणी आलं तिथे खूण, हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड, मग दगडांचं वजन.

वर्गात बादलीत प्लॅस्टिकचा डबा, हत्ती म्हणून कंपासपेटी आणि दगड म्हणून पाचाची नाणी. नाणी एकाच छापाची घ्या. जुन्या-नव्या पाचाच्या नाण्यांचं वजन वेगळं असतं, आमचा हत्ती त्यामुळेच लबाड निघाला होता.


खडूधूळ · २८ फेब्रुवारी, रात्री ११:००

झाला एकदाचा विज्ञान दिन. पाय दुखताहेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

गाढवं मिळाली नाहीत. एका मुलीने शक्कल काढली आणि तिघींनी घरून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणले, शिंगांना बेगड, चाकांसकट. तर गाढवाच्या भूमिकेत बैल. एकाच्या पाठीवर पंच्यात १०० ग्रॅम जाडं मीठ, दुसऱ्याच्या पाठीवर १० ग्रॅम दवाखान्यातला कापूस, तिसऱ्याच्या पाठीवर १० ग्रॅम वावरातला, सरकी काढलेला. (वावरवाला भाऊ, एका मुलाच्या मामाने सावनेरहून थैलीभर पाठवला.) गंगाळात पाणी आणि शेजारी माझा घरचा स्वयंपाकाचा वजनकाटा.

मिठाने पहिला दणका दिला. दहा सेकंदांची डुबकी देऊन गाठोडं काढलं तर काटा ११२! वजन वाढलं. म्हणजे गाढव पाय घसरून पडलं आणि लगेच उठलं असतं तर ओझं उलट जड झालं असतं. पोरं ओरडायला लागली, "बसव, त्याला पाण्यात बसव!" पाच मिनिटं पाण्यात लटकवून हलवत ठेवलं तेव्हा ५८ वर आलं, ओल्या पंच्यासकट. मग गंगाळातलं पाणी चाखायला रांग.

दवाखान्याचा कापूस: टाकला आणि गेला. निथळून १९० ग्रॅमच्या वर. बैलाची चाकं वाकडी झाली. वावरातला कापूस: तरंगला. मुख्याध्यापकांनी स्वतः बोटाने दाबला, पुन्हा वर. झटकून वजन केलं, १४. सोड्यात उकळलेला चौथा नमुना मी मुद्दाम पदराआड ठेवला होता. तो बाहेर काढून पाण्यावर सोडला आणि तो बुडाला, तेव्हा पालकांतून एक बाबा पुढे आले. स्वतः शेती करतात. त्यांनी तो ओला बोळा चिमटीत धरून बराच वेळ बोटांवर घासून पाहिला आणि म्हणाले, "चिकटपणा गेला याचा. दरसाल वेचतो, पण असं कधी पाहिलं नाही."

मागच्या बाकावरच्या आमच्या स्लॅबवाल्याने शेवटी विचारलं, "मग गाढवाले अद्दल घडलीच नाही?" मी म्हटलं, मालकाने मेडिकलमधून कापूस आणला असेल तर घडली.

ते तपासणीचे साहेबही आले होते. चार नंबरचा बोळा त्यांनी खिशात घालून नेला.


फुटाळ्याचा_बगळा · २८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

अभिनंदन! आणि ज्या शोधामुळे आजचा दिवस साजरा होतो, तो १९२८ चा शोध लावणारे रमण १९१० च्या सुमारास आपल्याच नागपुरात अकाउंट्स खात्यात नोकरीला होते. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात पोरांना न्याल तेव्हा हेही सांगा. सरकारी नोकरी करता करता, हे ठासून सांगा. पालकांना बरं वाटतं.


महालातली_आजी · १ मार्च, सकाळी १०:३०

वाचलं हो सगळं. चाखायला रांग लावली ते काही बरोबर नाही, त्या गंगाळात बैलाचा रंग उतरला असेल. पण एक विचारते. चिऊताईचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, ही गोष्ट तुम्ही अजून कशी घेतली नाही? नागपूरच्या उन्हात मेणाचं घर? मी लहानपणापासून आईला हेच विचारत आले.


खडूधूळ · १ मार्च, दुपारी १:००

काकू!! एप्रिलपर्यंत थांबा.


खडूधूळ · २६ एप्रिल, रात्री ८:४५

काकू, तुमचा प्रयोग झाला. परीक्षा संपल्यावर शाळेत आलेल्या सहा मुलांनी केला.

शेणाचे तीन नमुने, विटेवर थापून आठ दिवस वाळवलेले: नुसती माती, नुसतं शेण, माती-शेण-तनस एकत्र. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून एक फुटावरून दोन लिटर पाणी. माती पहिल्या बाटलीतच ओघळली. शेण कडेने मऊ पडलं, पण जागेवर राहिलं, त्यातले गवताचे धागे धरून ठेवतात. तिसऱ्याला नुसते ओरखडे. काऊने थोडी माती आणि तनस घेतली असती तर चिऊच्या दाराशी जायची पाळी आली नसती.

मेणाची दोन घरं केली, एक मेणबत्तीच्या मेणाचं, एक मधमाश्यांच्या मेणाचं (खादीच्या दुकानातून आणलं, महाग पडलं). सकाळी दहाला सायकल स्टँडच्या पत्र्यावर ठेवली. दीड वाजता पत्र्यावर थर्मामीटर टेकवून वरून कापडाची घडी दाबली, ६१ अंश. मेणबत्तीवालं घर जाऊन तिथे डबकं, पत्र्याच्या पन्हाळीतून ओघळ थेट खालच्या सायकलीच्या सीटवर. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तर ते थोडक्यात बचावलं. उभं होतं, पण कमरेत वाकलेलं, दार एका बाजूला कललेलं. "आता काऊने कितीही थापा मारल्या तरी हे दार उघडायचं नाही," असं सहातल्या एकीने जाहीर केलं.

आता मदत हवी आहे. पत्र्यावरचं मेण काढायचं कसं? शाळेचे शिपाईकाका चिडले आहेत.


इतवारी_एक्सप्रेस · २६ एप्रिल, रात्री ९:१०

वर्तमानपत्राचा कागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा. कपड्यावरचं निघतं तसं.


वावरवाला · २६ एप्रिल, रात्री ९:१८

पत्र्यावर चढून इस्त्री कायले? उद्या दीड वाजता जुनं सुती फडकं घेऊन जा. मेण ओलंच असते, पुसून घ्या. अन् चप्पल घालून चढा, ताई.